सरेतला सायकलफेरा आणि एक जुना खटला

वोकिंगहून निघायचं, रिप्ले, ऑकम, ईस्ट हॉर्सली करत टेकड्यांची रांग ओलांडायची, पलीकडे शिअर गावात चहा घ्यायचा आणि न्यूलँड्स कॉर्नरचा चढ चढून क्लँडनमार्गे परत वोकिंगला यायचं. लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यातला हा सायकलचा फेरा साधारण ४० किलोमीटरचा आहे. चढ सगळे मिळून तीनशे-चारशे मीटर. इथले सायकलवाले अशा फेऱ्याला ‘मध्यम’ म्हणतात. पट्टीचे लोक तो नाश्त्याआधी उरकतात. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या चोपन्न वर्षांच्या बाईला तो भरपूर होतो. गेल्या उन्हाळ्यात मी तो तीनदा केला.

माझी लेक आणि जावई वोकिंगला राहतात. नातू झाला म्हणून मी तीन महिने त्यांच्याकडे होते. शनिवारी सकाळी जावई बाळाला सांभाळायचे आणि आम्ही मायलेकी सायकली काढायचो. लेक पुढे, मी मागे. चढ आला की ती मान वळवून ओरडायची, “अम्मी, खालचा गिअर घे.” मी घेत असे, पण थोड्या उशिरानं. बिनगिअरच्या सायकलवर वाढलेल्या माणसाला चढ दिसला की आधी दम धरायची सवय असते. गिअर नंतर आठवतो.

सायकल मला नवी नव्हतीच. सातारा जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावी अब्बांचं सायकलचं दुकान होतं. भाड्यानं सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचं, आउट झालेलं चाक स्पोक आवळून सरळ करायचं, वर्षातून एकदा ओव्हरऑयलिंग. पत्र्याच्या घमेल्यात पाणी भरून त्यात फुगवलेली ट्यूब बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, हे काम माझ्याकडे असे. भाडं तासाला आठ आणे. वहीत गिऱ्हाइकाचं नाव आणि निघाल्याची वेळ लिहायची. परत आल्यावर पाच-दहा मिनिटांवरून हमखास वाद. दूधवाले, पेपरवाले, गवंडी, कारखान्यातले कामगार आणि सुट्टीत शाळेची पोरं, सगळा गाव अब्बांच्या वहीत असायचा.

सायकलींची नावं होती हर्क्युलीस, रॅले, फिलिप्स, बीएसए. ती मला आमच्याच गावची वाटत. रॅले नॉटिंगहॅमची आणि हर्क्युलीस, बीएसए बर्मिंगहॅमच्या, हे फार नंतर कळलं. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सचा कारखाना इंग्रज कंपनीच्या भागीदारीत निघाला आणि ही नावं आपल्याकडेच घडायला लागली. म्हणजे आमच्या घरची चूल ज्या वस्तूवर पेटत होती तिचं माहेर इंग्लंड. त्या माहेरी सायकल चालवायला मला पन्नाशी उलटावी लागली.

मी आधी दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल शिकले, मग सीटवर बसून. नववीपर्यंत शाळेला सायकलनं गेले. मग ती बंद झाली. कुणी बंद केली, असं कुणाकडे बोट दाखवून सांगता येत नाही. अब्बांनी मनाई केली नाही. अम्मी एकदा म्हणाली, “आता मोठी झालीस.” शेजारच्या देशपांडे काकूंनी त्यांच्या मुलीला हेच सांगितलं. मोहल्ला असो नाहीतर पेठ, वाक्य तेच होतं. एका वर्षात आम्हा सहा-सात मैत्रिणींच्या सायकली भिंतीला टेकल्या. त्याच वर्षी धाकट्या भावाला अब्बांनी दुकानातली सगळ्यात चांगली सायकल दिली.

हे आता उगाळायचं कारण भावाची मुलगी. ती यंदा नववीत आहे, शाळा चार किलोमीटरवर आणि ती सायकलनं जाते. मी वोकिंगला असतानाच भावाचा फोन आला, “दिवाळीनंतर तिला रिक्षा लावतोय.” मी विचारलं, का? म्हणाला, हायवे ओलांडायचा असतो, दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होईल, डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर दिवसभर जातात. “आणि आपा, ती आता मोठी झाली.” दोन्ही कारणं त्यानं एका दमात सांगितली. पहिलं कारण खरं आहे, मी ते ट्रॅक्टर पाहिलेत. दुसरं मला पाठ आहे. पण ती दोन एकमेकांत इतकी मिसळलेली होती की कुठलं कशाच्या आडोशाला उभं आहे ते फोनवर कळेना. पुढचे तीनही शनिवार हा फोन माझ्यासोबत फेऱ्यावर होता.

आम्ही निघायचो ते ओरिएंटल रोडवरच्या शाहजहान मशिदीसमोरून. मशीद म्हणूनच बांधलेली ही ब्रिटनमधली पहिली इमारत, १८८९ ची. लाइटनर नावाच्या पौर्वात्य भाषांच्या पंडितानं ती उभारली आणि पैसा बराचसा भोपाळच्या शाहजहान बेगमांनी दिला. हिरव्या-सोनेरी घुमटाची ही छोटी इमारत रेल्वेलाइनच्या कडेला पाइनच्या झाडांत उभी आहे. एच. जी. वेल्स १८९५ मध्ये जवळच राहायला आले, इथेच सायकल शिकले आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ इथेच लिहिली. मंगळावरच्या लोकांनी कुठलं गाव कसं उद्ध्वस्त करायचं, हे ते सायकलवरून हिंडून ठरवत. त्याच सुमारास त्यांनी ‘द व्हील्स ऑफ चान्स’ नावाची सायकलवरची कादंबरीही लिहिली. तिचा नायक कापडाच्या दुकानातला नोकर आहे, आणि वर्षातून एकदा मिळणाऱ्या सुट्टीत तो सायकल घेऊन दक्षिणेकडे निघतो. वेल्स स्वतः लहानपणी कापडदुकानात उमेदवारी करून आलेले. हा नायक अब्बांच्या वहीत सहज शोभला असता.

वोकिंगची वस्ती संपली की पर्फर्ड येतं. तिथून न्यूआर्क लेन नावाचा रस्ता वे नदीच्या ओलसर कुरणांतून जातो. डाव्या-उजव्या हाताला पाणी, गाई, आणि शेतात मध्येच एका जुन्या मठाच्या छप्पर नसलेल्या भिंती. रस्ता अरुंद, समोरून मोटार आली तर एकानं थांबायचं. पाच मिनिटांत रिप्ले.

रिप्ले म्हणजे एका रस्त्याच्या दोन बाजूंना वसलेलं गाव. हा रस्ता लंडन-पोर्ट्समथचा जुना हमरस्ता. १८८० च्या आसपास, पुढचं चाक पुरुषभर उंच आणि मागचं ताटाएवढं अशा सायकली होत्या, तेव्हा लंडनचे सायकलवाले दर रविवारी इथपर्यंत येत. अँकर नावाची खानावळ त्यांचा मुक्काम, आणि ती चालवणारं डिबल कुटुंब त्यांच्या घरचंच. लोक रिप्लेला सायकलवाल्यांची मक्का म्हणत. हे लेकीनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “मग आपली यात्रा इथेच संपली, परत फिरू.” तिनं ऐकलं नाही. अँकर आजही आहे. २०१२ च्या ऑलिम्पिकची सायकल शर्यत याच गावातून गेली.

त्या काळचे हे सायकलवाले नुसते हिंडून गप्प बसले नाहीत. १८७८ मध्ये त्यांनी क्लब काढला, तो पुढे सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब झाला. रस्ते चांगले असावेत म्हणून १८८६ मध्ये त्यांनी वेगळी संस्था उभी केली. मोटारी रस्त्यावर यायच्या आधीची ही गोष्ट. १८८८ च्या कायद्यानं सायकल ही गाडीच आहे असं मान्य केलं. पुढच्याला घंटी वाजवून सावध करा, एवढी अट घातली. जो हमरस्ता घोडागाड्यांचा होता तो सायकलचाही झाला. मला हे वाचून नवल वाटलं. आपल्याकडे रस्ता सरकार बांधतं आणि जो मोठा असेल तो त्यावरून जातो, अशीच माझी समजूत होती. रस्त्यावर आपलाही हक्क आहे, हे छोट्या वाहनवाल्यानं कागदावर लिहून घ्यायचं असतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

रिप्लेहून तीन किलोमीटरवर ऑकम. पाच-पन्नास घरांचं गाव. इथे एका वळणावर लाल विटांची, टोकदार कमानींची मोठी इमारत दिसते. हे पूर्वीचं होबॉय हॉटेल. पहिल्या खेपेला आम्ही सरळ पुढे गेलो. दुसऱ्या खेपेला मी लेकीला थांबवलं, कारण मधल्या आठवड्यात मी या हॉटेलाबद्दल वाचलं होतं.

२७ ऑक्टोबर १८९८ ला लेडी हार्बर्टन नावाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई लंडनहून सायकलनं इथवर आल्या. भूक लागली होती. पोशाख होता वर लांब कोट आणि खाली गुडघ्याशी आवळलेली सैल तुमान. सायकलच्या चेनमध्ये लांब घागरा अडकतो, बाई तोंडावर पडते, म्हणून असा पोशाख बायकांनी घालावा असं त्या अनेक वर्षं सांगत होत्या. त्यासाठी त्यांनी १८८१ मध्ये संस्थाही काढली होती. हॉटेलच्या मालकीणबाई मार्था स्प्रेग यांनी त्यांना पाहिलं आणि सांगितलं, या कपड्यांत कॉफी रूममध्ये बसता येणार नाही. कॉफी रूम म्हणजे सभ्य गिऱ्हाइकांची जेवणाची खोली. जेवायचंच असेल तर दारूच्या गुत्त्याला लागून खोली आहे, तिथे बसा. तिथे पुरुष बसले होते, दारूचा नि धुराचा वास होता. लेडी हार्बर्टन तिथे जेवल्या नाहीत.

हॉटेलवर सायकल क्लबची पाटी होती. म्हणजे क्लबच्या सभासदांना इथे सोय मिळेल असा करार होता. वाटसरूला अन्न नाकारायचं नाही, असा खानावळवाल्यांसाठी इंग्लंडात जुना कायदाही आहे. क्लबनं मालकीणबाईंवर खटला भरला. १८९९ मध्ये किंग्स्टनला तो चालला. वर्तमानपत्रांत गाजला. आणि क्लब हरला. अन्न कुठे नाकारलं, दुसऱ्या खोलीत देत होते की, असं ठरलं.

मी त्या इमारतीसमोर सायकल धरून उभी होते. आता तिथे हॉटेल नाही. माझ्या अंगावर काय होतं? कुर्ता, खाली घोट्याशी आवळलेली सलवार, डोक्याला स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट. युरोप-अमेरिकेत बायकांनी अशी तुमान पहिल्यांदा घातली ती १८५० च्या आसपास, आणि तेव्हा तिला ‘तुर्की’ तुमान म्हणत. मुसलमान बायकांच्या पोशाखावरून उचललेली म्हणून. म्हणजे आमच्या नानी-दादींचा लाजेकाजेचा पोशाख घातला म्हणून इंग्रज उमरावाच्या बायकोला इथे निर्लज्ज ठरवून दुसऱ्या खोलीत बसवलं. लेक हसून म्हणाली, “आणि आज कुणी विचारलं तर स्कार्फबद्दल विचारतील, सलवारीबद्दल नाही.” खरं आहे. कपडा बदलतो, बोलणारी तोंडं बदलतात. बाईनं काय घालून कुठवर जायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं, एवढं मात्र टिकून राहतं. माझा स्कार्फ मी ठरवलेला आहे. लेडी हार्बर्टननं तुमान ठरवली होती. आम्ही दोघी एका टेबलाशी बसलो असतो तर एकमेकींच्या कपड्यांवर बोलायची आम्हाला गरज पडली नसती.

मला त्या खटल्यातली दुसरी खोली मात्र फार ओळखीची वाटली. कुणी ‘बाहेर व्हा’ म्हणालं नाही. अन्न तर देत होते. फक्त इथे नको, तिकडे बसा. आमच्या घरीही सायकल चालवू नको असं कोण म्हणालं? रिक्षा लावू म्हणाले. शाळा बंद होत नाही, जाणंही बंद होत नाही, खोली तेवढी बदलते. आणि कोर्टात जायची वेळ आली तर भाऊही निर्दोष सुटेल.

ऑकमहून ईस्ट हॉर्सली. इथली बरीच घरं, भिंती, कमानी एकाच धर्तीच्या आहेत, गारगोटी आणि लाल-पिवळ्या विटांच्या. ही सगळी लॉर्ड लव्हलेस यांची हौस. होबॉयची इमारतही त्यांनीच १८६४ मध्ये बांधली. त्यांची पत्नी एडा लव्हलेस, संगणक जन्माला यायच्या शंभर वर्षं आधी यंत्राकडून गणित कसं करवून घ्यावं हे लिहून ठेवलेली बाई. टेकडीवरच्या जंगलातून लाकूड ओढून आणायला लव्हलेस यांनी पंधरा पूल बांधले, त्यांतले दहा अजून उभे आहेत.

गाव संपलं की ग्रीन डीन नावाचा रस्ता टेकडीत शिरतो आणि खरा चढ सुरू होतो. ही नॉर्थ डाउन्सची खडूची टेकडी. सह्याद्रीचा घाट डोळ्यांपुढे आणू नका. इथला माथा दोनशे मीटरच्या आतबाहेर. पण चढ लांब, न संपणारा. दोन्ही बाजूंना बीचची उंच झाडं, वर फांद्या एकमेकींत गेलेल्या, खाली हिरवा अंधार. ऑगस्टमध्ये कुंपणाच्या झुडपांत ब्लॅकबेऱ्या पिकतात. आपण करवंदं खातो तशा थांबून खायच्या, काटे तसेच आणि हात रंगतात तेही तसेच. एका फाटकाबाहेर लाकडी खोक्यात अंडी ठेवलेली आणि शेजारी पैशांचा डबा. विकणारं कुणीच नाही. घोड्यावरून दोन मुली समोरून आल्या, आम्ही थांबून त्यांना वाट दिली. त्यांतली एक असेल तेरा-चौदा वर्षांची. ती “थँक यू” म्हणून निघून गेली आणि मला भावाची मुलगी आठवली.

माथ्यावर पोचल्यावर पाणी आणि शेंगदाण्याची चिक्की. मग पलीकडचा उतार. हा तीव्र आहे, वळणांचा आहे, पावसानंतर पानांनी निसरडा होतो. अब्बा भाड्यानं सायकल देताना नवख्या पोराला बजावायचे, पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही, आधी मागचा, मग दोन्ही, आणि वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. चाळीस वर्षांनी सरेच्या उतारावर तो धडा माझ्या बोटांनी बिनचूक म्हणून दाखवला. लेक खाली थांबली होती. म्हणाली, “तुला भीती नाही वाटली?” वाटली होती. पण ती उताराची होती, रस्त्यावर असण्याची नव्हती.

शिअर हे चित्रातलं वाटावं असं गाव आहे. टिलिंगबर्न नावाचा ओढा, त्यात बदकं, लाकडी पट्ट्यांची जुनी घरं. सिनेमावाले इथे येतात. आम्ही चहा आणि स्कोन घेतले. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, वोकिंगहून सायकलनं आलात? हो म्हटल्यावर त्यांनी स्वतःचं गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं, मी माझ्या गुडघ्यांचं सांगितलं, आणि ओळख झाली.

इथल्या सेंट जेम्स चर्चच्या उत्तर भिंतीत एक छोटा झरोका आहे. १३२९ मध्ये क्रिस्टीन कार्पेंटर नावाच्या, सुताराच्या मुलीनं बिशपकडे अर्ज करून स्वतःला चर्चला लागून असलेल्या कोठडीत आयुष्यभरासाठी बंद करून घेतलं. झरोक्यातून प्रार्थना ऐकायची, तिथूनच प्रसाद घ्यायचा. काही काळानं ती बाहेर पडली. आणि १३३२ मध्ये तिनं परत आत जायची परवानगी मागितली, ती तिला मिळाली. ती का बाहेर आली आणि परत का गेली, यावर लोकांनी नाटकं-सिनेमे केलेत. मी त्या झरोक्यापाशी उभी राहून म्हटलं, “बिचारी.” लेक म्हणाली, “बिचारी कशावरून? अर्ज तिचाच होता, अम्मी.” मी गप्प बसले. अर्ज तिचा होता हे खरं. सुताराच्या मुलीपुढे अर्ज करण्याजोग्या आणखी किती गोष्टी होत्या, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. निवड करायला निदान दोन वाटा उघड्या लागतात. भावाच्या मुलीला विचारलं तर ती कदाचित रिक्षाच मागेल. पण विचारलं कुणी?

शिअरनंतरचा टप्पा मला आवडत नाही. न्यूलँड्स कॉर्नरला चढणारा ए-२५ हा मोठा रस्ता आहे, मोटारी वेगात जातात, आणि आपण चढावर हळू. इंग्लंडची खेडी म्हणजे सगळी शांतता, असं समजून कुणी येऊ नये. इथे मला आमच्या हायवेची आठवण झाली आणि भावाचं पहिलं कारण किती खरं आहे ते पुन्हा पटलं. फरक एवढाच की २०२२ पासून इथल्या वाहतुकीच्या नियमपुस्तकात लिहिलं आहे, सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडा, आणि जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त. सगळे पाळतात असं नाही. एक व्हॅन माझ्या कोपराजवळून गेली तेव्हा मी कलमा म्हटला. पण मागे अडकलेल्या आठ-दहा मोटारींपैकी कुणी हॉर्न वाजवला नाही. रस्ता सरळ होईपर्यंत त्या माझ्या मागे, माझ्या वेगानं आल्या. चोपन्न वर्षांत माझ्यासाठी एवढी वाहनं प्रथमच थांबली.

न्यूलँड्स कॉर्नरला पोचलं की सगळा त्रास वसूल होतो. दक्षिणेकडे शेतं, झाडी, टेकड्यांमागे टेकड्या. डिसेंबर १९२६ मध्ये अगाथा ख्रिस्ती बेपत्ता झाल्या तेव्हा त्यांची मोटार इथेच जवळ सापडली होती. अकरा दिवसांनी त्या उत्तरेत एका हॉटेलात सुखरूप सापडल्या. लेक म्हणाली, “बायका इथून गायब होतात.” मी म्हटलं, “तसं काही नाही, थोडे दिवस त्यांना कुणी शोधायला नको असतं.” मग उतार, क्लँडन, ओल्ड वोकिंग, घर. चार तास लागतात, चहा-गप्पांसह पाच.

तिसऱ्या शनिवारी घरी आल्यावर मी भावाला फोन लावला. रस्त्याचं आणि मोठी होण्याचं, ही दोन कारणं वेगवेगळी सांग म्हटलं. आधी चिडला. मग रस्त्यावर बोलला. शाळेच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवर हायवेखालून भुयारी मार्ग आहे. तिकडून गेलं तर किलोमीटरभर जास्त पडतं, पण हायवे ओलांडावा लागत नाही. त्या गल्लीतल्या आणखी तीन मुली सायकलनं जातात, चौघींनी मिळून जायचं. हंगामाच्या दिवसांत ट्रॅक्टर ज्या वेळी सुटतात ती वेळ टाळायला शाळेशी बोलायचं. या सगळ्याला तो “बघू” म्हणाला. दुसऱ्या कारणावर काही बोलला नाही, मीही टोकरलं नाही. मग मी म्हटलं, मुलीला फोन दे. तिला विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, “फुफू, रिक्षात नऊ जणी कोंबतात. मला सायकलच पाहिजे. पण मागचा ब्रेक लागत नाहीये.”

मी तिला ब्रेकची वायर कुठे आवळायची ते सांगितलं. भावाला सांगितलं, दिवाळीआधी मी येतेय, भुयारी मार्गाच्या त्या रस्त्यानं तिच्याबरोबर आठवडाभर मी स्वतः सायकल चालवणार, आणि मग रिक्षाचं ठरव. तो हसला, “आपा, या वयात? लोक बघतील.” मी म्हटलं, बघू देत. अब्बांच्या दुकानातली बावीस इंची माळ्यावर आहे ती उतरव, ट्यूबा बदल, चेनला तेल घाल. सीट जरा खाली घे.